‘क्वचित’ म्हणजे किती?

यंदाच्या गणपतीत आरती झाल्यावर मंडळातले एक काका माझ्याशेजारी खुर्ची ओढून बसले. जानेवारीत त्यांचं कंबरेचे मणके जोडण्याचं ऑपरेशन आहे. माझं मागच्या वर्षी झालं, हे काकूंनी त्यांना सांगितलं होतं. हातातला मोदक तसाच ठेवून त्यांनी विचारलं, “काही होत नाही ना गं? आजकाल दुसऱ्याच दिवशी चालवतात म्हणे.”

अशा वेळी आपल्याकडे ठरलेलं उत्तर असतं, “काही होत नाही हो काका.” ते माझ्या ओठांवर आलंही होतं. पण ते निघालं नाही. मी म्हटलं, “बहुतेकांना काही होत नाही. मला झालं. आणि आता मी ठीक आहे. तुम्हाला सगळं सांगते, पण इथे नको.” तेव्हा जे सांगायचं राहिलं, ते या लेखात लिहिते आहे. मी डॉक्टर नाही. लग्नाआधी साताऱ्याला आठ वर्षं शाळेत मराठी शिकवत होते, आता मिडलंड्समध्ये घर आणि नऊ वर्षांची लेक सांभाळते. त्यामुळे हा वैद्यकीय सल्ला समजू नका. ऑपरेशनच्या कागदावर सही करण्याआधी जे वाचायला हवं होतं, ते नंतर वाचलेल्या एका बाईचं हे टिपण आहे.

मणका सरकला म्हणजे काय

माझा कंबरेचा शेवटचा मणका त्याखालच्या त्रिकास्थीवरून पुढे सरकला होता. याला स्पॉन्डिलोलिस्थेसिस म्हणतात. त्यामुळे नस दाबली जाऊन डाव्या पायात कळ जायची. तीन वर्षं व्यायाम, गोळ्या, एक इंजेक्शन, सगळं झालं. शेवटी ओट्याशी दहा मिनिटंही उभं राहवेना. त्या दिवाळीला चकलीचा सोऱ्या माळ्यावरच राहिला.

ऑपरेशनात नसेवरचा दाब काढतात, खराब झालेली चकती काढून तिथे छोटा पिंजरा बसवतात, हाडाचा चुरा भरतात आणि दोन मणके स्क्रू व सळ्यांनी पक्के करतात. पण हे स्क्रू फक्त धरून ठेवण्यापुरते असतात. खरं जोडण्याचं काम आपलं हाडच करतं, आणि त्याला सहा महिने ते वर्ष, कधी त्याहून जास्त लागतं. घर बांधताना स्लॅब पक्का होईपर्यंत खाली टेकू लावतात ना, तसंच.

ही कल्पना शंभर वर्षांहून जुनी आहे. १९११ साली न्यूयॉर्कमध्ये रसेल हिब्स आणि फ्रेड अल्बी या दोन शल्यविशारदांनी वेगवेगळ्या पद्धतींनी मणके जोडले. अल्बींनी तर रुग्णाच्या नडगीचं हाड काढून पाठीत बसवलं. ते कंबरदुखीसाठी नव्हतं, मणक्याच्या क्षयासाठी होतं. लंडनच्या सेंट बार्थोलोम्यू रुग्णालयातल्या पर्सिव्हल पॉट यांनी १७७९ मध्ये वर्णन केलेला हाच तो ‘पॉट्स डिसीज’. आपल्याकडच्या जुन्या पिढीने पाठीला कुबड आलेली अशी माणसं पाहिली आहेत.

आज हे ऑपरेशन मणका सरकणं, मोडणं, बाक येणं अशा कारणांसाठी होतं. नुसत्या कंबरदुखीसाठी मात्र इथली नाइस ही संस्था २०१६ पासून सांगते आहे की, संशोधनाच्या चाचणीचा भाग असल्याशिवाय मणके जोडण्याचं ऑपरेशन देऊ नका. काकांना मी पहिला प्रश्न हाच सुचवला. माझं दुखणं नेमकं कशामुळे आहे, आणि ते जोडल्याने जाणार आहे का?

सहाव्या दिवशीची डोकेदुखी

ऑपरेशन फेब्रुवारीत झालं. दुसऱ्या दिवशी मला खरंच चालवलं. पायातली कळ गेली होती, आणि त्या आनंदात मी बाकी सगळ्याकडे दुर्लक्ष केलं. चौथ्या दिवशी घरी आले.

सहाव्या दिवशी डोकं दुखू लागलं. उठून बसलं की कपाळापासून मानेपर्यंत ठणका, आडवं झालं की पाच-दहा मिनिटांत गायब. आईने साताऱ्याहून फोनवर सांगितलं, “भुलीचं आहे, उतरेल.” सासूबाई म्हणाल्या, “पोट साफ नसेल, गरम पाणी पी.” मी स्वतः म्हणाले, जागरण झालंय. वॉर्डचा फोन नंबर फ्रिजवर लावलेला होता. पण एवढ्याशा डोकेदुखीसाठी त्या कामात असलेल्या नर्सेसना कशाला त्रास द्यायचा? आपल्या बायकांना ही सवय लहानपणापासूनच असते. दुखणं अंगावर काढणं हा गुण मानला जातो.

दोन दिवस असेच गेले. आठव्या दिवशी पहाटे चादर ओली लागली. मला वाटलं घाम. नवऱ्याने दिवा लावून पाहिलं, तर पाठीच्या पट्टीखालून पाण्यासारखं काहीतरी झिरपत होतं. रक्त नाही, पू नाही, नितळ पाणी. त्याने मला न विचारता वॉर्डला फोन लावला आणि स्पीकरवर टाकला.

पलीकडच्या नर्सने एकामागून एक प्रश्न विचारले. उठल्यावर दुखतं का? मान आखडली आहे का? उजेड सहन होतो का? ताप? मग तिने विचारलं, दोन्ही मांड्यांच्या मध्ये, बसतो त्या जागी, बधिर वाटतं का? लघवी नेहमीसारखी होते का?

खोलीत नवरा होता, दारात लेक उभी होती. मी लगेच “नो, नो, ऑल फाइन” म्हणून टाकलं. फोन ठेवल्यावर लक्षात आलं की, मी तपासलंच नव्हतं. त्या जागेकडे लक्ष देऊन पाहावं, हेच मला सुचलं नव्हतं. मी उत्तर दिलं ते फक्त विषय संपवायला. सुदैवाने ते उत्तर खरं निघालं.

फाइलमधली एक ओळ

मज्जारज्जू कंबरेच्या वरच्या भागातच, पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशी संपतो. त्याखाली नसांचा झुबका असतो. घोड्याच्या शेपटासारखा दिसतो म्हणून लॅटिनमध्ये त्याला ‘कॉडा इक्विना’, म्हणजे घोड्याचं शेपूटच म्हणतात. या नसा ड्युरा नावाच्या आवरणात, पाण्यासारख्या द्रवात तरंगतात. मेंदूभोवतीही हाच द्रव असतो. शरीरात तो एका वेळी साधारण १५० मिलिलिटर असतो आणि दिवसाला सुमारे ५०० मिलिलिटर नवा तयार होतो. आवरणाला भोक पडलं की द्रव गळतो. मग उभं राहिल्यावर मेंदूचा आधार कमी होतो आणि डोकं दुखतं. आडवं झालं की थांबतं. माझी डोकेदुखी भुलीची नव्हती, पोटाचीही नव्हती.

हे आवरण ऑपरेशनात फाटणं फार दुर्मीळ नाही. बहुतेकदा तिथेच टाका घालतात आणि ते भरून येतं. त्याच जागी पूर्वी ऑपरेशन झालं असेल तर शक्यता वाढते, कारण व्रण चिकटलेले असतात. टाका घातल्यावरही गळत राहणं ही मात्र कमी वेळा होणारी गोष्ट आहे. आणि द्रवाला बाहेर यायला वाट मिळाली, तर जंतूंनाही आत जायला मिळते. म्हणून घाई.

एमआरआय झाला, पाचव्या महिन्याच्या बाळंतिणीसारखं सपाट झोपवून ठेवलं म्हणायचीही सोय नाही, कारण बाळंतीण तरी कुशीवर वळते. मग दुसरं ऑपरेशन, पुन्हा टाके. पहिल्यापेक्षा हे जड गेलं.

घरी आल्यावर फाइल उघडली. पहिल्या वेळच्या डिस्चार्जच्या पत्रात, तिसऱ्या परिच्छेदात एक ओळ होती. ऑपरेशनच्या वेळी ड्युरा फाटला होता, तो शिवला आहे. म्हणजे त्यांनी लपवलं नव्हतं. भूल उतरत असताना मला सांगितलंही होतं म्हणे. मी मान हलवली असेल. नवरा तेव्हा कँटीनमध्ये होता. जाताना “उठल्यावर डोकं दुखलं तर त्याच दिवशी फोन करा” असं एक वाक्य कुणी सांगितलं असतं, तर दोन दिवस वाचले असते. याचा मला राग आला, आणि तो मी तिथल्या डॉक्टरांना बोलून दाखवला. त्यांनी ऐकून घेतलं.

पण रागाचा अर्धा वाटा माझ्याकडेही येतो. आठ वर्षं मी मुलांना सांगत आले की, प्रश्नपत्रिका हातात पडली की आधी शेवटपर्यंत वाचा. आणि स्वतःचं पत्र मी घडी करून फाइलमध्ये ठेवून दिलं होतं. सहीच्या कागदावरची धोक्यांची यादीसुद्धा शाळेच्या हजेरीपटासारखी सही करून परत दिली होती.

‘क्वचित’ कोणी ठरवायचं?

ऑपरेशनआधी कोणता धोका सांगायचा आणि कोणता नाही, यावर याच देशात मोठे खटले झाले आहेत, आणि त्यांतले दोन पाठीच्या ऑपरेशनांचेच आहेत. १९७४ मध्ये मिसेस सिडावे यांच्या मानेच्या मणक्याचं ऑपरेशन झालं. मज्जारज्जूला इजा होण्याचा धोका एक टक्क्याहून कमी होता, तो सांगितला गेला नव्हता, आणि नेमकी तीच इजा झाली. १९८५ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने निकाल त्यांच्या विरोधात दिला. काय सांगायचं, हे तेव्हा मुख्यतः डॉक्टरांच्या रिवाजावर सोडलेलं होतं.

‘चेस्टर विरुद्ध अफशर’ हा खटला तर थेट कंबरेचा. १९९४ मध्ये एका पत्रकार बाईंच्या कंबरेच्या तीन चकत्या काढल्या. कॉडा इक्विनाच्या नसांना इजा होण्याचा धोका एक ते दोन टक्के होता, तो त्यांना सांगितला नव्हता, असं न्यायालयाने मानलं. ऑपरेशनात चूक झाली नव्हती, तरी ती इजा झाली. त्या बाईंचं प्रामाणिकपण मला फार आवडलं. “सांगितलं असतं तर मी कधीच ऑपरेशन केलं नसतं,” असं त्या म्हणाल्या नाहीत. तेव्हा केलं नसतं, आधी आणखी कुणाचं मत घेतलं असतं, एवढंच त्यांचं म्हणणं होतं. २००४ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने तीन विरुद्ध दोन मतांनी त्यांच्या बाजूने निकाल दिला.

पुढे २०१५ मध्ये माँटगोमेरी खटला आला. तो बाळंतपणाचा, स्कॉटलंडमधला. त्यात सर्वोच्च न्यायालयाने सिडावेचा नियम बाजूला ठेवला. आता धोका किती टक्के आहे एवढंच पाहायचं नाही, तर या रुग्णाच्या जागी असलेल्या माणसाला तो महत्त्वाचा वाटेल का, हे पाहायचं. वेल्डिंग करणाऱ्याला पाऊल लुळं पडण्याचा धोका जसा वाटेल, तसा निवृत्त माणसाला वाटणार नाही. पण मी कोण आहे, काय करते, मला कशाची भीती वाटते, हे मी सांगितलंच नाही तर डॉक्टरांना कळणार कसं?

मग काय काय होऊ शकतं?

घाबरवायचं नाही, पण नावं माहीत असावीत म्हणून लिहिते.

सर्वांत तातडीचं म्हणजे ऑपरेशनच्या जागी आत रक्त साठून कॉडा इक्विनाच्या नसा दाबल्या जाणं. हे बहुधा पहिल्या काही तासांत-दिवसांत होतं. बसायच्या जागी बधिरपणा, लघवी तुंबणं किंवा नकळत होणं, शौचावरचा ताबा जाणं, दोन्ही पायांतला जोर कमी होणं, ही त्याची लक्षणं. यात सकाळची वाट पाहायची नाही. लगेच ए अँड ई.

स्क्रू मणक्याच्या अरुंद वाटेतून जातो. तो थोडा बाजूला गेला तर नस दुखावते आणि पाऊल वर उचलता येत नाही, चालताना चप्पल घासते. पायाच्या शिरेत गुठळी झाली तर पोटरी सुजते, दुखते. ती फुप्फुसात गेली तर दम लागतो, छातीत दुखतं. तेव्हा ९९९.

खोलवरचा जंतुसंसर्ग कधी काही आठवड्यांनी, क्वचित काही महिन्यांनीही डोकं वर काढतो. जखम वरून चांगली दिसते, पण पाठदुखी वाढत जाते. मधुमेहात ही शक्यता जास्त, आणि आपल्या घराघरात मधुमेह आहे. म्हणून ऑपरेशनआधी साखर ताब्यात आणायला सांगतात.

हाड जुळलंच नाही, असंही होतं. काही महिने बरं वाटतं, मग दुखणं परततं, आणि तपासणीत स्क्रू ढिला झालेला किंवा तुटलेला दिसतो. सिगारेट हे याचं एक मोठं कारण. ड जीवनसत्त्वाची कमतरताही हाडांना मारक असते, आणि या ढगाळ देशात सावळ्या कातडीला ते पुरेसं मिळत नाही. रोज १० मायक्रोग्रॅमची गोळी वर्षभर घेण्याचा विचार करा, असा आपल्यासारख्यांना इथला सरकारी सल्ला आहे. शिवाय जोडलेला भाग हलत नसल्याने वरच्या-खालच्या मणक्यांवर ताण येऊन काही वर्षांनी तेही कुरकुरू शकतात.

काही ऑपरेशनं पोटाकडून करतात. तिथे मोठ्या रक्तवाहिन्या असतात. पुरुषांमध्ये काही नसा दुखावून वीर्य बाहेर न येता मूत्राशयात जाऊ शकतं. मूल हवं असलेल्या तरुणाला हे आधी माहीत असायला हवं, आणि आपल्याकडे ते कुणी विचारत नाही.

अतिशय दुर्मीळ, पण ऐकून मी हादरले ती गोष्ट म्हणजे दृष्टी जाणं. तासन्‌तास पालथं झोपल्याने डोळ्याच्या नसेचा रक्तपुरवठा कमी पडतो. अमेरिकेतल्या भूलतज्ज्ञांनी अशा रुग्णांची नोंद ठेवली. २००६ मध्ये छापलेल्या त्या नोंदीत जवळजवळ सगळ्यांची भूल एक तर सहा तास किंवा अधिक चालली होती, नाही तर त्यांचं एक लिटर किंवा अधिक रक्त गेलं होतं. लांबलचक ऑपरेशन असेल तर भूलतज्ज्ञांना हा प्रश्न विचारायला हरकत नाही.

आणि एक गंमत. माझ्या उजव्या मांडीची बाहेरची बाजू ऑपरेशननंतर बधिर झाली होती. ऑपरेशन डाव्या नसेचं, मग उजवी मांडी का? रात्री मी तीच चिमटे काढून पाहायची, रडायची. ते काहीच नव्हतं. पालथं झोपवताना कमरेच्या हाडाशी असलेल्या उशीने कातडीची एक नस दाबली गेली होती. तीन महिन्यांत आपोआप बरी झाली. ज्याची भीती वाटली ते साधं होतं, आणि ज्याला मी जागरण म्हणत होते ते गंभीर.

दुखण्याचे मराठी शब्द

दुसऱ्या वेळी रुग्णालयात मला सतत एकच प्रश्न विचारत, पेन कसा आहे? दहापैकी किती? मी मराठीची एमए, आणि मला आकड्याशिवाय शब्द नव्हता. मराठीत कळ वेगळी, ठणका वेगळा, चमक वेगळी. उसण भरते, रग लागते, गोळा येतो, आग होते. मुंग्या येणं म्हणजे बधिर होणं नव्हे, आणि पाय जड वाटणं म्हणजे पायातली शक्ती जाणं नव्हे. नसेच्या बाबतीत हाच फरक डॉक्टरला हवा असतो.

भारतातून आलेल्या किंवा इंग्रजी कमी असलेल्या आईवडिलांसाठी हे आणखी महत्त्वाचं. सासऱ्यांच्या लघवीबद्दल सून दुभाषी म्हणून विचारणार, आणि ते “सगळं ठीक आहे” म्हणणार. माझ्या “नो, नो” सारखंच. एनएचएसमध्ये दुभाषी विनामूल्य मिळतो, फोनवरही मिळतो. आधी मागून ठेवा. घरच्यांनी बाहेर थांबावं. आणि ऑपरेशनआधीच घरात एकदा साध्या शब्दांत सांगून ठेवावं, की बसायच्या जागी बधिर वाटलं, लघवी झाली नाही, तर लाजायचं नाही, रात्री दोनलासुद्धा उठवायचं.

सही करण्याआधी विचारायचे चार प्रश्न इथले डॉक्टरच सुचवतात. फायदा काय, धोके कोणते, दुसरे पर्याय कोणते, आणि काहीच केलं नाही तर काय होईल? मी त्यात माझे दोन घालते. ऑपरेशनात ठरल्यापेक्षा वेगळं काही घडलं का? घरी गेल्यावर काय झालं तर त्याच दिवशी फोन करायचा? उत्तरं कागदावर लिहून घ्या, आणि भूल उतरताना घरचं कुणीतरी शेजारी असू द्या. कँटीन नंतर.

तुम्ही विचाराल, पुन्हा वेळ आली तर ऑपरेशन करशील का? करीन. पायातली कळ गेली ती परत आली नाही. दुसऱ्या ऑपरेशनचा व्रण थंडीत आखडतो, जड पिशवी अजून नवराच उचलतो, पण ओट्याशी उभी राहते.

परवा काकूंचा फोन आला होता. काकांनी सल्लागार डॉक्टरांकडे प्रश्नांची वही नेली. साखर जास्त निघाली म्हणून तारीख पुढे ढकलली आहे, काका जरा रागावले आहेत, आणि फराळात लाडू नकोत असा निरोप आहे. मी त्यांच्यासाठी चकल्या वेगळ्या काढून ठेवल्या आहेत. सोऱ्या यंदा माळ्यावरून नवऱ्याने काढला, दाबला मात्र मी.